नंबर धरणारी घागर

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची घागर आहे, मित्रांनो. माझे पोचे मोजू नका, मला राग येतो. सरूबाईने मला पाटोद्याच्या बाजारातून आणलं तेव्हा मी अशी चकाकत होते की येणारी-जाणारी माझ्यात तोंड बघायची. विहिरीवरून मी तिच्या डोक्यावर बसून घरी यायचे. फार तोरा होता मला.

मग पाऊस रुसला. विहीर आटली आणि गावात टँकर सुरू झाला. तो कधी सकाळी यायचा, कधी कलत्या दुपारी, कधी यायचाच नाही. त्याची वाट बघत बसलं की कामधंदा बुडायचा. म्हणून बायकांनी रीत पाडली. रांगेत भांडं ठेवायचं आणि आपल्या कामाला जायचं. भांडं उभं तर माणूस उभं. कुणी फुटकी बादली ठेवायचं, कुणी नुसता दगड. माझ्या बुडाला तोवर बारीक चीर पडली होती, म्हणून सरूबाई मला ठेवायची. टँकर आला की चांगला हंडा घेऊन धावत यायची. नंबर माझा, पाणी हंड्याचं! बायका हसतील या लाजेने तिने चिरेबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवसभर उन्हात मी एकटी. शेजारी दगड, त्याच्याशी काय बोलणार? सरपंच माणिकरावांचा हौद मात्र कधी रांगेत दिसला नाही. टँकर आधी तिकडेच वळायचा. ज्याला थांबावं लागत नाही तोच मोठा, हे मी तिथे शिकले.

सरूबाईची एकच म्हैस होती, मोरी. तिचं दूध गावच्या सहकारी डेअरीत जायचं, त्यावर चूल पेटायची. डेअरी कुणासाठी थांबत नाही आणि टँकर सगळ्यांना थांबवतो. बिचारी या कात्रीत सापडली होती.

एका संध्याकाळी ती दूध घालायला गेली आणि नेमका टँकर आला.

"मालकीण न्हाई तर घागर बाजूला करा," टँकरवाला बंकट म्हणाला.

"कावून? नंबर तिचा हाय," शेजारची चतुराबाई कडाडली. "सरू दुधाला गेलीय. भर आधी हिला!"

तिने मला काठोकाठ भरून घेतलं आणि सरूबाईच्या दारात नेऊन ठेवलं. वाटेत ठिबकलं ते वरून सांडलेलं, असंच तिला वाटलं. केवढी माया! मला वाचा असती तर ओरडले असते. पाणी माझ्या बुडातून मातीत जात राहिलं.

सरूबाई परतली तेव्हा दारात चिखल होता आणि मोरी तो चाटत होती.

"गळती हाय म्हनून सांगायचं न्हाई का गं?" चतुराबाईला रडू आलं.

"लाज वाटली, बाई."

चतुराबाईने आपल्यातलं तांब्याभर पाणी दिलं. तांब्याने म्हशीची तहान कशी भागणार? दुसऱ्या दिवशी सरूबाईने मला पुन्हा रांगेत ठेवलं, पण टँकर फिरकला नाही. बाजाराच्या दिवशी तिने मोरी विकली आणि स्वतः लेकीकडे अंबाजोगाईला गेली. मी रांगेतच राहिले.

अजून मला कुणी बाजूला टाकलेलं नाही. रांग सरकली की चतुराबाई मलाही पुढे सरकवते. माझा नंबर आला की ती क्षणभर रस्त्याकडे बघते. मग मला उचलून पुन्हा शेवटी ठेवते.

मित्रांनो, रांगेत रिकामं भांडं दिसलं तर ढकलू नका, त्याच्या जागी कुणीतरी उभं असतं. आणि तुमच्या घरात काही गळत असेल, तर शेजारणीला सांगून ठेवा. हसली तर हसू द्या.