वाळक्या नानच्या पोत्यातली वही

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण हूशंगनं घरातली इकडची काडी तिकडे केली नव्हती. नेमकी या वर्षी, नवरोजच्या आधीच्या साफसफाईत, स्वारीला मदतीची हुक्की आली. माहरुख आतल्या खोलीत पडदे काढत होती, तेवढ्यात तो लाल प्लॅस्टिकचं घमेलं मिरवत आला.

"गॅलरीतलं वाळक्या नानचं पोतं देऊन टाकलं नानवाल्याला," तो म्हणाला. "बदल्यात नुसत्या मिठावर भागवत होता. मी घासाघीस करून घमेलं काढलं."

माहरुखच्या हातातला पडदा खाली पडला. त्या पोत्यात, तुकड्यांच्या खाली, तिची वही होती.

चार वर्षं ती ही वही सजवत होती. दुपारची भांडी आवरली की कात्री आणि खळीची वाटी घेऊन बसायची. संत्र्यांवरचे कागद, चहाच्या पुड्यांवरची चित्रं, बसची तिकिटं, दाबून वाळवलेली नारिंगाची फुलं, सगळं चिकटवायची. शेजारी त्या दिवसाच्या दोन ओळी, आणि हात शिवशिवले तर एखादं चित्र. उपयोग म्हणाल तर शून्य. बाईला त्यात सुख वाटायचं, बस.

पण मधली सहा पानं वेगळी होती. माहरुखच्या आईनं साठीला आल्यावर, प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं गिरवली होती, आणि लिहायला आलं म्हटल्यावर घरातल्या एकूण एक बरणीवर चिठ्ठी डकवली होती. सुका पुदिना. वेलची. आंबट चेरी. ती गेल्यावर भावंडांनी गालिचे वाटून घेतले, चहाचा समोवार थोरल्यानं उचलला. माहरुखनं त्या चिठ्ठ्या पाण्यात भिजवून अलगद सोडवल्या. आईचं अक्षर जगात तेवढंच उरलं होतं.

आणि अशी वही पोत्यात का ठेवावी? तर नणंदेच्या धाकानं. इफ्फत खानम साफसफाईला आली की प्रत्येक कपाटात डोकं घालायची. मागं एकदा खळीची वाटी तिच्या नजरेस पडली, तेव्हा म्हणाली होती, "नातवंडं खेळवायच्या वयात कागद कातरत बसतेस?" शिराझमध्ये नान कुणी कचऱ्यात टाकत नाही, उरलेले तुकडे वाळवून नानवाल्यासाठी बाजूला ठेवतात, आणि त्या पोत्यात हात घालायचं कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. साफसफाईच्या तीन दिवसांचा तर प्रश्न, असं माहरुखला वाटलं होतं.

"काय झालं गं? पोत्यात काय होतं?" इफ्फतनं स्वयंपाकघरातून विचारलं.

सांगावंच लागलं.

"वही? नानमध्ये? अक्कल काय गहाण ठेवली होतीस?" इफ्फत म्हणाली, पण बोलता बोलता बाहेर जाताना घ्यायची चादर तिनंच आधी अंगावर घेतली. "चल. उभी काय राहिलीस खांबासारखी."

कोपऱ्यावरच्या नानच्या भट्टीवाल्यानं पत्ता सांगितला. नानवाला सफर, कोरड्या नदीच्या पलीकडे त्याचं आवार. तिथून माल गोठ्यांत जातो, गुरांना. दोघी टॅक्सीनं पोचल्या तर पुरुषभर उंचीचा ढीग, आणि दोन माणसं फावड्यानं ट्रक भरतायत. आईची अक्षरं आता गाई खाणार, एवढंच माहरुखच्या मनात आलं.

"थांबवा रे फावडी," इफ्फत कडाडली. फावडी थांबलीही.

तराजूमागून म्हातारा सफर उठून आला. सगळं ऐकून घेतलं. "मिळालीय एक वही," तो म्हणाला. "पहिल्या पानावर सोनेरी कागदात देवाचं नाव आहे. मला वाचता येत नाही, पण तेवढं ओळखू येतं. असं पान गुरांपुढं कसं टाकू? स्वच्छ फडक्यात बांधून वर ठेवलीय."

माहरुखनं हात पुढे केले. म्हाताऱ्यानं दिली नाही.

"दुसऱ्याची ठेव आहे, बाई. तुमचीच कशावरून? आत काय आहे ते सांगा."

"माझ्या आईच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत. बरण्यांवरच्या."

"लिहिलेलं मला काय कळणार? चित्र सांगा."

"चिमण्या आहेत. डाळिंबं."

"ती सगळ्याच काढतात."

माहरुखनं नणंदेकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "एक बाई आहे," ती म्हणाली. "डोक्याच्या जागी वांगं आहे. हातात झाडू."

सफर खुदकन हसला. "बरोबर. कपाटात वाकून बघतेय. आमच्या हिनं एवढ्यात तीनदा बघितलं. म्हणते, माझी नणंद हुबेहूब."

म्हाताऱ्यानं फडकं सोडून वही माहरुखच्या हातात दिली. परतीच्या टॅक्सीत इफ्फत खिडकीकडे तोंड करून बसली. माहरुखनं आधी मधली पानं उघडली, सहाच्या सहा मोजली, आणि ड्रायव्हरची भीडभाड न ठेवता रडली. तिला लाज वाटत होती, पण सांगितल्याचा पस्तावा मुळीच नव्हता.

घर जवळ आलं तेव्हा इफ्फतनं हात पुढे केला. "आण इकडे."

वांगं तिनं शोधलंच नाही. चिठ्ठ्यांचंच पान समोर धरलं, 'सुका पुदिना'वरून बोट फिरवलं. "तुझ्या आईनं मलाही दिली होती एक बरणी," ती म्हणाली. "चिठ्ठी होती वर. मी घासून लख्ख केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या वेळेला आली. चादर काढायच्या आधी तिनं पिशवीतून एक घडी काढून माहरुखच्या हातावर ठेवली. सोनेरी कागद होता, कडांना विरलेला.

"माझ्या लग्नातल्या मिठाईवरचा. चव्वेचाळीस वर्षं आरशामागं होता." ती कपाटाकडे वळली. "त्या वांग्याला रुमाल कर याचा. बोडक्या डोक्यानं फिरवलंस मला त्या नानवाल्यापुढं."

मग तिनं कपाट उघडलं, आत वाकली, आणि खळीची वाटी शोधून टेबलावर आणून ठेवली.