नुहैलाच्या पोटातला बादशहा

"या पोरीच्या पोटात सात समुद्रांपलीकडचा जिन्नांचा बादशहा तळ ठोकून बसला आहे!" जिन्न उतरवणाऱ्या फकीह बुशाइबनी गर्जना केली आणि परातीतला भोपळ्याचा मोठा तुकडा आपल्याकडे ओढला.

दारात मोरोक्कोतल्या सफ्रू गावची आमची अख्खी गल्ली दाटली होती. शुक्रवारी आमच्याकडे सगळं घर एकाच परातीत हात घालून कुसकुस, म्हणजे भाज्या घातलेला वाफवलेला जाडा रवा, खातं. सात वर्षांची नुहैला मात्र परातीला शिवत नसे. बोलत नसे, कोरडा पाव सोडून काही खात नसे आणि चार-चार दिवस पोट धरून किंचाळे. परातीकडे पाठ फिरवणारं मूल गल्लीनं पाहिलेलं नव्हतं. म्हणजे जिन्नच!

"पाव हा त्याचा खुराक. आजपासून पाव बंद! हा मंतरलेला मध रात्री द्या. पहाटे तो निघेल."

"गेल्या शुक्रवारी निघाला होता की!" शेजारीण म्हणाली.

"परत आला. या खेपेला कुटुंबासकट."

नुहैलाची आई सआदिया रडवेली झाली. "पावाशिवाय ती काहीच खात नाही हो! उपाशी मरेल."

"ती नाही, जिन्न मरेल."

सआदियाची बहीण वफा मुलांची डॉक्टर. तिनं मधात बोट बुडवून चाटलं. "फकीहसाहेब, यात सोनामुखी आहे. रात्री घेतली की पहाटे पोट साफ! जिन्न इतका वक्तशीर कसा, ते आत्ता कळलं."

"तोबा! हा शुद्ध प्रसाद आहे!"

"मग आजी, आधी पाहुण्यांना."

यजमानीणबाईंनी ओठांशी नेलेला घास नाकारणं म्हणजे आमच्याकडे घराचा अपमान. नुहैलाच्या आजीनं भक्तिभावानं फकीहना त्या मधाचे तीन चमचे भरवले आणि रात्री मुक्कामालाच ठेवून घेतलं.

वफानं नुहैलाला वेगळ्या ताटलीत पाव दिला. शेजारी, पावाला न लागेल अशी, पेअरची एक फोड. "ती स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात तसं," वफा म्हणाली. "ओलं, मऊ, एकात एक कालवलेलं तिला सोसत नाही. नुसता पाव, पाणी कमी, म्हणून पोट गच्च होतं. दुखतं, पण सांगता येत नाही, म्हणून किंचाळते. मोजून औषध देऊ, पाणी वाढवू, नवा पदार्थ हळूहळू. महिने लागतील. पण मूल जेवत नसेल तर बाबांनो, आधी डॉक्टरला विचारा; जिन्न कुठं पळून जात नाही."

नुहैलानं फोड हुंगली, बाजूला सारली आणि पाव खाल्ला. सआदिया पहिल्यांदा हसली.

पहाटे गल्ली अंगणात जमली. संडासाचं दार दोन तास आतून बंद होतं. अखेर आतून क्षीण आवाज आला,

"आजी... आणखी एक बादली पाणी मिळेल का?"