पितळी झारी

टोमॅटोचं बी अंतराळात फिरून आलं, मातीत रुजलं, आणि संस्थेत जावई उतरल्यासारखी धावपळ सुरू झाली. रोपांचा ट्रे दर्शनी दालनात गालिच्यावर मांडला. शेजारी पितळी झारी. येणाऱ्याने पाणी घालायचं, फोटो काढायचा.

त्याच पाकिटातल्या, पण कुठेही न गेलेल्या बियांची रोपं तुलनेसाठी मागच्या जिन्यातल्या खिडकीत होती.

"दोन्ही ट्रे एकत्र हवेत," प्रयोग सांभाळणारी ती म्हणाली होती. वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर असली, तरी ऑफिसात ती 'माळीणबाई'च.

"अहो माळीणबाई, आकाशातून आलेल्यांना जिन्यात बसवू?" संचालक म्हणाले.

तिला एकच गोष्ट हवी होती: पुढच्या उड्डाणात आपल्या बियांना जागा. निवड समितीचे अध्यक्ष पाहणी करून ते ठरवणार होते.

पाहणी जवळ आली तेव्हा पाहुण्यांच्या कृपेने दालनातली रोपं पिवळी पडली होती. जिन्यातली मात्र तरारलेली.

"ट्रेवरच्या पाट्या बदला," संचालक म्हणाले.

"मी नाही बदलणार."

"जागा हवी ना तुम्हाला?" असं म्हणत त्यांनी स्वतःच पाट्या बदलल्या आणि ट्रेही.

नेमकी पाहणी लांबली. दालनात आलेल्या धडधाकट रोपांवर पाहुण्यांची झारी चालूच राहिली. जिन्यातल्या आजाऱ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फक्त ती, माती सुकली की, बेताचं पाणी घाली. अध्यक्ष फाटकात शिरले तेव्हा दालनात मुळं कुजली होती आणि जिन्यात पालवी फुटली होती.

संचालक धावत आले. "माळीणबाई, पाट्या पुन्हा बदला! ट्रे पण!"

"आत्ता बदलते," ती आनंदाने म्हणाली. पाट्या खऱ्या झाल्या.

अध्यक्षांनी हिरवी रोपं निरखली. "वा! म्हणजे अंतराळामुळे फरक पडला?"

"अंतराळाचं अजून कळलं नाही, साहेब. झारीचं कळलं." पाट्यांच्या अदलाबदलीसकट तिने सगळं सांगून टाकलं. संचालक छत न्याहाळत राहिले.

अध्यक्षांनी हसू दाबलं. "मग आता काय हवंय?"

"पुढच्या उड्डाणात जागा. आणि पाहुणे नकोत."

"अंतराळात कुठले आलेत पाहुणे?"

"म्हणूनच जागा मागतेय."

"दिली," अध्यक्ष म्हणाले आणि फोटोसाठी सवयीने झारी उचलून रोपांवर वाकवली.

झारी तिने सकाळीच रिकामी करून ठेवली होती. फोटोत ते कळत नाही.