भरतीची टिकली

मित्रांनो, केळव्याच्या आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस मला ओळखायला हमखास चुकतो. कोणी म्हणतं, भाता हरवलेली पेटी दिसते. एक पाहुणे तर चष्मा पुसून म्हणाले की हे टेलिफोन एक्स्चेंजमधून काढून आणलेलं काहीतरी आहे. मी रागावत नाही. मी एक जुना सिंथेसायझर आहे. खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर फिरवायच्या बटणांच्या रांगा, दोन्ही कडांना लाकडी फळ्या, आणि बटणांच्या भोवती चिकटवलेल्या रंगीबेरंगी टिकल्या. बायका कपाळाला लावतात त्याच टिकल्या! त्या माझ्या अंगावर कशा आल्या, कशा गेल्या आणि पुन्हा कशा आल्या, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म जपानमधला, साधारण एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा. नंतरच्या वाद्यांच्या पोटात आवाज आयते भरून ठेवलेले असतात. माझ्या पोटात एकही आवाज नाही, नुसती वीज आहे. एका भागात ती थरथरते आणि भुंग्यासारखी गुणगुणू लागते. दुसरा भाग चाळणीचं काम करतो, आवाजातला कर्कशपणा गाळतो. तिसरा भाग ठरवतो, की आवाज हळूहळू उमलू द्यायचा की टाळीसारखा एकदम फुटू द्यायचा. या सगळ्यांची बटणं जुळवली की त्याच विजेची बासरी होते, सनई होते, नाहीतर जगात आजवर कधीच नव्हता असा एखादा आवाज होतो. मी इतका जुना झालो, तरी या गोष्टीचं मला स्वतःलाच अजून नवल वाटतं. माझ्यात एकच उणीव होती. मला आठवण नव्हती. बटण हललं की तो आवाज गेला, कायमचा.

सुरुवातीची काही वर्षं मी मुंबईत एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काढली. लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे, वाहवा करायचे, आणि खरं सांगतो, मी शेफारलो होतो. मग नवे कीबोर्ड आले. आकडा दाबला की आवाज हजर! माझ्या बटणांशी खटपट करायला कोणाला वेळ राहिला नाही. माझ्यावर कापड पडलं. ते कापड उचललं कमलाकांतनं.

कमलाकांत केळव्याचा. बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी हळदीला, जत्रेला ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. त्यानं मला नारळी-सुपारीच्या वाडीतल्या आपल्या घरी आणलं, पाटावर ठेवलं आणि पट्ट्या दाबायला सुरुवात केली. आवाज काही येईना. माझी चाळणी पार बंद होती, त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

"मेला हाय वाटते तो," त्याची बायको इंदू चुलीपुढून म्हणाली.

कमलाकांतनं वैतागून मधलं मोठं बटण फिरवलं. चाळणी उघडू लागली आणि खालून, खोलातून, एक भरदार आवाज वर चढत आला. भांड्यांवरची झाकणं थरथरली. चटका बसावा तसा त्यानं हात मागे घेतला. मग पुन्हा बटण धरलं, अगदी हळू फिरवलं, आणि त्याचे डोळे विस्फारले.

"इंदू, ऐकलास? दर्या आला घरात!"

त्या आवाजाचं नाव त्यानं 'भरती' ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी भरती त्याला सापडेना. सकाळी झाडलोट करताना इंदूचा फडका बटणांवरून फिरला होता. कमलाकांत तोंड पाडून बसला. तेव्हा इंदूनं टिकल्यांचं पाकीट त्याच्यापुढे टाकलं. "मी कपालाला लावते, तुमी त्याला लावा. जिथं बटन थांबवायचा तिथं टिकली. मग चुकायचा नाय."

अशी मला आठवण मिळाली! लाल टिकल्या सनईच्या, हिरव्या बासरीच्या, पिवळ्या तुतारीच्या. भरतीसाठी मात्र सणासुदीच्या मोठ्या मरून टिकल्या. त्यांच्या आधारानं कमलाकांत क्षणात आवाज बदलायचा. हळदीच्या मांडवात लोक नाचता नाचता थांबून विचारायचे, हा आवाज कुठून येतोय? मुंबईच्या स्टुडिओतही माझं इतकं कौतुक झालं नव्हतं.

मग ती दुपार आली. कारखान्यातल्या पॅकिंगच्या मशीनमध्ये कमलाकांतचा उजवा हात सापडला. हात वाचला, पण शेवटची तिन्ही बोटं ताठ झाली ती कायमची. घरी आल्यावर तो माझ्यापुढे थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं मला कापडात गुंडाळलं आणि खाटेखाली सरकवलं. ऑर्केस्ट्रात दुसरा वादक आला. खाऱ्या वाऱ्यानं माझे सांधे गंजले. मला माझ्यापेक्षा त्याचंच वाईट वाटायचं, कारण तो आता अंघोळ करतानासुद्धा गुणगुणत नव्हता.

अशी काही वर्षं गेली. एकोणीसशे एक्क्याण्णव साली इंदूच्या भाचीचं लग्न ठरलं.

"हळदीला तुमी वाजवायचा," इंदू म्हणाली.

"या हातानं?" एवढंच बोलून कमलाकांत भिंतीकडे तोंड करून झोपला.

इंदू गप्प बसणारी नव्हती. तो कामावर गेल्यावर तिनं मला जुन्या लुगड्यात बांधलं, टेम्पोत घातलं आणि बोईसर गाठलं. स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याला विचारलं, "इन्स्ट्रुमेंट दुरुस्त करणारा कोण हाय का इथं?"

"इन्स्ट्रुमेंट? मंजुळा मॅडम के पास चलो," तो बिनदिक्कत म्हणाला.

मित्रांनो, गंमत इथंच झाली. जगात इतरत्र इन्स्ट्रुमेंट म्हणजे वाद्य. पण बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंट म्हणजे दाब मोजणारं घड्याळ, तापमानाचा काटा, टाकीची पातळी दाखवणारं यंत्र. मंजुळा एका रसायनाच्या कारखान्यात तीच दुरुस्त करायची. तिचे वडील नगरकडचे, वीज केंद्रात नोकरीला आलेले. तिनं आयटीआय केलं होतं, आणि गाण्याशी तिचा संबंध रेडिओपुरताच होता.

मंजुळाच्या घराच्या ओट्यावर इंदूनं लुगडं सोडलं. मंजुळा बघतच राहिली. "वहिनी, हे कोणत्या प्लँटचं?"

"प्लँटचा नाय गो बाय, हळदीचा!"

दोघी पोट धरून हसल्या. मंजुळा म्हणाली, "मी काटे दुरुस्त करते हो, पेट्या नाही." पण इंदूनं नवऱ्याच्या हाताची गोष्ट सांगितली, तसं तिचं हसू मावळलं. "ठेवून जा. बघते उघडून," ती म्हणाली.

तिनं माझे स्क्रू काढले आणि बोटानं विजेच्या वाटा धुंडाळू लागली. माझ्या पोटात असं कोणी आजवर डोकावलं नव्हतं. "हा तर व्हॉल्व्ह," ती चाळणीपाशी स्वतःशीच पुटपुटली. आवाज उमलवणारी चार बटणं कळायला तिला जरा वेळ लागला. मग ती एकदम ताठ बसली. "अगं बाई, ही टाकी आहे! आधी भरते, थोडी ओसरते, पातळी धरते, मग रिकामी होते." तिनं गंजलेले सांधे घासले, मला वीज दिली, एक पट्टी दाबली, आणि आपल्याच टाकीतून निघालेला सूर ऐकून ती कितीतरी वेळ हात जोडल्यासारखे धरून बसली. रोज आकडे दाखवणारी वीज गातेसुद्धा, हे तिला आजच कळलं होतं.

आणि मग तिनं ती चूक केली. कारखान्याची सवय अशी, की दुरुस्त झालेलं इन्स्ट्रुमेंट स्पिरिटनं पुसून लख्ख करूनच परत द्यायचं. मंजुळानं मनापासून मला पुसलं. टिकल्या तिला पोरांचा खोडसाळपणा वाटल्या. नखानं एकेक उचकटून तिनं टाकून दिली. मी आतून ओरडत होतो, पण वीज बंद असताना मला कंठ कुठला?

इंदूनं आता नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. रविवारी दोघं आली. मंजुळानं कौतुकानं माझ्यावरचं कापड ओढलं. "बघा दादा, कसा चकचकीत केलाय!"

कमलाकांतचा डावा हात माझ्यावरून फिरला आणि थांबला. "टिकल्या?"

"काढल्या की. पोरांनी चिकटवल्या होत्या ना?"

कमलाकांतनं हात मागे घेतला. मग म्हणाला, "जाऊ दे बाय. तुजी काय चूक नाय. वाजवायला तरी कोन ऱ्हायलाय आता?" आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. तो चिडला असता तर मंजुळाला बरं वाटलं असतं. तिचे डोळे भरून आले.

इंदूनं पदर खोचला आणि माझ्यापुढे स्टूल ओढलं. "चालू कर त्याला."

"वहिनी, तुम्हांला येतं?"

"बटनांची नावं म्हाइत नाय मला. पन सगला ऐकलाय मी. भाकऱ्या थापत ऐकलाय. तू फिरव, मी सांगते."

मित्रांनो, या बाईनं मला फडका सोडून कधी हात लावला नव्हता. तिला माझे सगळे आवाज पाठ होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! मंजुळा बटण फिरवू लागली. "मागं घे. आनखी. थांब, आता सनईला सर्दी झाली. हां, ही आमची सनई!" इंदूच्या पिशवीतल्या पाकिटातून लाल टिकली निघाली आणि जागेवर बसली. मग बासरी आली, तुतारी आली. भरती मात्र येईना. मंजुळानं सगळं करून पाहिलं.

"तू एकदम बुडवतेस," इंदू म्हणाली. "पानी पयला पावलाला लागते, मंग घोट्याला, मंग गुडघ्याला. तसा येऊ दे."

"टाकी सावकाश भरायची," मंजुळा पुटपुटली. तिनं बटण केसभर सरकवलं आणि पट्टी दाबून धरली. आणि भरती आली. खोलातून, तशीच, झाकणं थरथरवणारी. पाकिटात मरून टिकल्या नव्हत्या. इंदूनं कपाळावरची काढून मोठ्या बटणापाशी चिकटवली, आणि कपाळ मोकळं नको म्हणून लगेच छोटी लाल लावली. कमलाकांत दारात येऊन उभा होता. तो कधी उठला ते कोणाला कळलंच नाही.

"आवाज आला," तो म्हणाला. "बोटं कुठनं आनू?"

मंजुळाला आता चूक भरून काढायचीच होती. पट्ट्या न दाबता सूर काढता येतील का, हे तिनं खोदून खोदून विचारलं. कमलाकांतनं सांगितलं की ऑर्केस्ट्राच्या नव्या कीबोर्डला मागे एक गोल, पाच भोकांची जागा असते. तिला मिडी म्हणतात. त्यातून वाद्यं एकमेकांशी बोलतात. "पन हा जुना. याला कुठं येते ती भाषा?"

"बोलतात म्हणजे काय सांगतात?"

"कुठली पट्टी दाबली, कदी सोडली. नुसते आकडे."

"आकडे घ्यायचे आणि व्होल्ट द्यायचे?" मंजुळा हसली. "दादा, आम्ही कारखान्यात दुसरं काय करतो?"

तिनं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि कारखान्यातून सुटल्यावर रोज बसून एक छोटं सर्किटचं कार्ड जुळवलं. माझ्यात बारा स्वरांची चढण म्हणजे बरोबर एक व्होल्ट. तिचं कार्ड मिडीचा आकडा वाचायचं आणि तेवढे व्होल्ट माझ्या कानात सांगायचं. मी जणू दुभाष्याच्या हाताला धरून नव्या पिढीत आलो.

ऑर्केस्ट्रावाल्यांनी कीबोर्ड वापरायला दिला. त्यात आठवण होती. कमलाकांतनं डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक स्वर करत, हळदीची पूर्ण चाल त्यात भरली. मग चाल त्याच्या जुन्या वेगानं सोडली. मित्रांनो, काय सांगू! माझी एकही पट्टी हलत नव्हती, मला कोणी शिवलं नव्हतं, आणि मी गात होतो. मंजुळानं तोंडावर हात धरला.

कमलाकांत ऐकत होता. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "सूर बरोबर हाय," तो म्हणाला. "पन हा मी नाय. हा कोनीच नाय."

तो उठला. उठताना जुन्या सवयीनं त्याचा उजवा हात मोठ्या बटणाकडे गेला. तिन्ही बोटं ताठच होती. पण बटण धरायला अंगठा आणि पहिलं बोट पुरतात. त्यानं ते फिरवलं. कोरडी चाल ओली झाली, दबली, श्वास घेऊन पुन्हा वर आली. दुसऱ्या हातानं त्यानं टाकीचं बटण धरलं. स्वर सांभाळायला मिडी होती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे दोन्ही हात बटणांना मोकळे होते. त्यानं आधी असं कधी वाजवलंच नव्हतं! तो थांबला आणि आपल्या उजव्या हाताकडे असा पाहू लागला, जसा तो हात आत्ताच कारखान्यातून घरी आला आहे.

"इंदू," तो म्हणाला, "हा मी."

भाचीच्या हळदीला मांडव दणाणला. मंजुळाही आली होती. एका पाहुण्यानं सरबताचा पेला माझ्यावर ठेवायला हात पुढे केला, तर तिनं तो वरच्या वर धरला.

आता मी म्हातारा आहे. सूर लागायला मला आधी थोडं तापावं लागतं, आणि कोणी एकदम पंखा लावला तर मी अजूनही बिथरतो. माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. जुनी वस्तू जरूर पुसा. धूळ आम्हांलाही आवडत नाही. पण तिच्यावर एखादी वेडीवाकडी खूण दिसली, चिकटवलेलं काही दिसलं, तर नख लावण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, ही कोणी लावली? माझ्यावरची मरून टिकली आता फिकी पडली आहे. ती काढून नवी लावू या का, असं मंजुळा परवाच विचारत होती. इंदूनं नुसता हात पुढे करून ती टिकली बोटानं पुन्हा घट्ट दाबली.