सातव्या उदाहरणाचं उत्तर

महिपत सरांनी आयुष्यात एकदाच काहीतरी नवीन करून बघितलं, तेही सेहेचाळिसाव्या वर्षी. तोवर त्यांचं बरं चाललं होतं. ठाण्यातल्या एका कॉलेजात ते बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, तर पिवळी पडलेली एक वही काढून त्यातली उदाहरणं फळ्यावर उतरवत होते. पोरं ती जर्नलमध्ये उतरवत, पुढच्या वर्षीची पोरं आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवत, आणि परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक सगळ्यांची उत्तरं सारखी बघून खूश होऊन जेवायला जात. जर्नलला वीस मार्क असत. ते वीस मार्क म्हणजे पानातलं लोणचं, सगळ्यांना वाढलं जायचंच.

सत्त्याण्णव साली तिसऱ्या वर्षाला अकरा जण होते. त्यात कोलशेतची सगुणा होती. तिची आई मनुबाई वर्तकनगरच्या बाजारात मासळी विकायला बसायची आणि सर तिचं जुनं गिऱ्हाईक, त्यामुळे सगुणाच्या घरचा करार सरांना तोंडपाठ होता. फर्स्ट क्लास आला तर पोरगी विद्यापीठात एम.एस्सी.ला जाणार. नाही आला, तर तिचा भाऊ नाथा ज्या कंपनीत होता तिथे ती पॅकिंगला लागणार. मनुबाई दर रविवारी खाडीतल्या निवट्यांचा वाटा पिशवीत टाकताना विचारायची, "मास्तर, येल ना पोरीला फस क्लास?" आणि सर म्हणायचे, "येईल हो. तिला नाही तर कुणाला?" हे ते मनापासून म्हणायचे. बावीस वर्षांत "असं का?" हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. सगुणा दर तासाला विचारायची.

त्या दिवाळीत सरांचा एक जुना विद्यार्थी भेटला. बाळ त्याचं नाव. त्याने डोंबिवलीत इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. दुकान कसलं, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा. पण तिथे त्याने सरांना जे दाखवलं ते बघून सर खुर्चीतून उठायलाच तयार होईनात. परदेशातल्या कुठल्याशा प्राध्यापकाने एक पान करून ठेवलं होतं. त्यात दहा हजार आकड्यांची एक पेटी. बटण दाबलं की पेटीतून पंचवीस आकडे उचलले जायचे, त्यांची सरासरी निघायची आणि खाली एक ठिपका पडायचा. पुन्हा दाबलं की दुसरेच पंचवीस, दुसरीच सरासरी, दुसरा ठिपका. शंभरदा दाबलं की ठिपक्यांचा मधोमध ढीग उभा राहायचा. बावीस वर्षं जी गोष्ट सर नुसती तोंडाने सांगत आले होते, ती डोळ्यांसमोर उभी होती. त्यांना लाजही वाटली आणि हुरूपही आला.

पुढच्याच रविवारी ते अकराच्या अकरा पोरांना घेऊन डोंबिवलीला गेले. फोनची लाइन तीनदा तुटली. चौथ्यांदा ते पान एकदाचं उघडलं, तेही वरून खाली इंच इंच. मग एकेकाने बटण दाबून आपापले आकडे काढले आणि बाळने ते करकर आवाज करत कागदावर छापून दिले. प्रत्येकाचा कागद वेगळा! सरांना आनंदाने काय करू न काय नको झालं.

"आता कोणाचं उतरवाल रे? कोणाच्या बापाचं उतरवाल?" ते पोरांना म्हणाले. "स्वतः करून बघितल्याशिवाय एक आकडा लिहायचा नाही. कोणाचाही. माझासुद्धा!"

सगुणा पडद्यावरच्या ढिगाकडे कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे सर, आईच्या एका पाटीवरून खाडी नाय कळत. शंभर पाट्या बघितल्या तर कळते. पण आपल्या हातात तर एकच पाटी येते ना?"

"एकच येते," सर म्हणाले. "म्हणून तर हे शास्त्र शिकायचं."

ते वर्ष महिपत सरांच्या नोकरीतलं एकमेव वर्ष म्हणायला हवं. जर्नलमधली सगळी उदाहरणं पोरांनी आपापल्या कागदावरच्या आकड्यांवर केली. भांडली, खोडली, पुन्हा केली. पिवळी वही कपाटातच राहिली.

फेब्रुवारीत जर्नलं विभागप्रमुखांच्या सहीला गेली. बाबुराव हे विभागप्रमुख, गणिताचे. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी जर्नलं टेबलावर ओळीने उघडून ठेवली आणि महिपत सरांना बोलावून घेतलं.

"अहो, अकरा पोरं आणि अकरा उत्तरं?"

"नमुने वेगळे आहेत, सर. उत्तरं वेगळीच येणार. सारखी आली असती तर चूक झाली असती."

"ते मला समजतं हो. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला कोण समजावणार? तो दोन तासांत चार कॉलेजांची जर्नलं बघतो. एक उत्तर धरतो आणि बाकीची ताडून पाहतो. मागच्या वर्षी एका कॉलेजात जुळली नाहीत, तर त्याने अख्ख्या वर्गाला वीसपैकी दोन-दोन दिले. वर्गाला! तुमच्या त्या इंटरनेटपायी पोरांचं वर्ष घालवायचंय का?"

महिपत सरांनी भांडायला हवं होतं. पण बावीस वर्षं न भांडलेल्या माणसाला एका दुपारी भांडता येत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर सगुणाचे वीस मार्क आले आणि ते निमूटपणे म्हणाले, "आठ दिवस द्या. नवीन जर्नलं करून घेतो."

पिवळी वही कपाटातून बाहेर आली. सर सांगत होते, पोरं लिहीत होती. कोणी मान वर करून बघत नव्हतं. सातवं उदाहरण साबणाच्या वड्यांचं होतं. पंचवीस वड्यांची वजनं, कारखाना म्हणतो वडी शंभर ग्रॅमची, तर हे म्हणणं मान्य करायचं की नाही? "सरासरी शंभर पूर्णांक बत्तीस शतांश," सर सांगत होते. "निष्कर्ष, कारखान्याचं म्हणणं मान्य."

"सर, डोंबिवलीचे कागद?" सगुणाने विचारलं.

"ठेव घरी."

"आणि हे करून बघायचं, की नुसतं उतरवायचं?"

सरांना तिच्याकडे बघवेना. "बघ की करून," ते वहीत डोकं घालूनच म्हणाले आणि पुढच्या उदाहरणाकडे वळले.

परीक्षा मार्चमध्ये झाली. बाहेरचे परीक्षक आले, घामाघूम, हातात ब्रीफकेस. भराभर जर्नलं उलटत होते. एकेका पोराला टेबलापाशी बोलवायचं, एखादा प्रश्न विचारायचा, मार्क मांडायचे. सगुणाची पाळी आली आणि उलटणारा हात सातव्या उदाहरणावर थांबला.

"हे काय? बाकी सगळ्यांचं शंभर पूर्णांक बत्तीस. तुझं शंभर पूर्णांक बहात्तर. निष्कर्षही उलटा. अमान्य म्हणतेस?"

"करून बघितलं, सर," सगुणा म्हणाली.

परीक्षकांनी महिपत सरांकडे पाहिलं. "यातलं खरं कुठलं? लवकर सांगा, मला अजून कल्याणला जायचंय."

महिपत सरांनी पिवळी वही उघडली. पंचवीस आकडे त्यांच्याच अक्षरात समोर होते, बावीस वर्षांपूर्वीच्या कोवळ्या, टापटीप अक्षरात. त्यांनी एककाच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. मनातल्या मनात बेरीज केली. मग पुन्हा एकदा केली. हातचा एक धरायचा राहिला होता. बेरीज दहाने कमी होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी, पहिल्याच महिन्यात एक हातचा राहिला आणि बावीस वर्गांनी तो मुकाट्याने उतरवला. दर वर्षी परीक्षकांनी त्यावर लाल बरोबरची खूण केली. कारखान्याचं म्हणणं बावीस वर्षं मान्य होत आलं.

समोर सगुणा उभी होती. ती अगदी शांत होती. सर सांगतीलच, अशी शांत.

खरं सांगावं तर दहा जणांचं चुकलं. आणि दहा जणांनी चूक तशीच्या तशी कशी काय केली, तर सरांनी सांगितली म्हणून, हे उघड झालं असतं. मग मागची वर्षं. मग बाबुराव, जे दारात उभे राहून त्यांच्याकडेच बघत होते. एकीकडे दहा आणि एकीकडे एक. संख्याशास्त्राच्या माणसाने हिशेब केला आणि तो हिशेब निव्वळ भेकड होता, हे त्याला करतानाच कळत होतं.

"तिची बेरीज चुकली असेल," महिपत सर म्हणाले.

परीक्षकांनी लाल रेघ मारली. मग मागची पानंही संशयाने चाळली आणि वीसपैकी सहा दिले. बाकीच्यांना सतरा, अठरा. सगुणाने जर्नल उचललं, सरांकडे एकदा पाहिलं आणि बाहेर गेली.

जूनमध्ये निकाल लागला. सगुणाचा फर्स्ट क्लास पाच मार्कांनी गेला. सरांनी ते पाच मार्क यादीत तीनतीनदा मोजले. कमी होईनात.

पुढचे दोन महिने ते बाजाराच्या त्या टोकाला फिरकले नाहीत. घरात मासळी आली नाही तेव्हा बायकोने विचारलं, तर म्हणाले, पोट बरं नाही. पण वर्तकनगर ते केवढं, किती दिवस तोंड चुकवणार? ऑगस्टमधल्या एका रविवारी मनुबाईनेच त्यांना हाक मारली.

"मास्तर! रागावलाव काय? या, खाडीची कोलंबी हाय."

ते गेले. मनुबाईच्या शेजारी सगुणा बसली होती. कंपनीला रविवारी सुट्टी असायची. तिच्या बोटांना खोक्यांच्या पट्ट्यांनी चरे पडले होते.

"पोरीचा नशीब," मनुबाई म्हणाली. "बेरीज चुकली म्हंतान. माज्या पोरीची बेरीज कंदी चुकली नाय, मास्तर. या बाजारान सगल्यांना ठाव हाय. त्याच दिवशी कशी चुकली, देव जाने."

सरांनी पिशवी पुढे केली. मनुबाई दुसऱ्या बाईशी बोलायला वळली तेव्हा सगुणा हळूच म्हणाली, "सर, एक सांगायचं राहिलेलं. तुमच्या वहीत सातव्या उदाहरणात हातचा एक सुटलाय. या वर्षीच्या बॅचला देण्याआधी नीट करा."

"तू... तेव्हाच का नाही बोललीस? परीक्षकांसमोर?"

"बाबुराव सर होते, सगळी पोरं होती. तुमचं चुकलेलं सगळ्यांसमोर कसं सांगणार? तुम्हाला माहीत नव्हतं ना. माहीत असतं तर तुम्ही बोलला असतात." ती हसली. "मी आईलापण नाय सांगितलं."

महिपत सरांना वाटलं, हो म्हणावं. नव्हतं माहीत, एवढे दोन शब्द. ती घरी जाईल, मीही जाईन. बावीस वर्षं जमलं, आताही जमेल. पण त्या पोरीने एवढे दिवस त्यांची अब्रू पदराखाली झाकून धरली होती आणि आणखी खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

"मला माहीत होतं, सगुणा," ते म्हणाले. "तू समोर उभी होतीस, तेव्हाच बेरीज करून बघितली होती मी."

कोलंबी निवडणारा तिचा हात थांबला. राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं, सरांना ते चाललं असतं. तसलं काही आलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून इतक्या दिवसांचं काहीतरी निघून गेलं, एवढंच त्यांना दिसलं. तिने कोलंबीचा वाटा त्यांच्या पिशवीत टाकला, हात फडक्याला पुसले आणि आईकडे तोंड फिरवलं.

"आय, यांचं झालं," ती म्हणाली. "पुढचं गिऱ्हाईक बघ."