ज्या दिवशी मी वाजलो नाही

पितळी म्हैस म्हणा, ढोल्या म्हणा, मला राग येत नाही. मी ट्युबा. बँडमधलं सगळ्यात अवजड वाद्य, सगळ्यात खालच्या सुराचं. मेक्सिकोत, वाहाकाच्या डोंगरातल्या एका गावात माझा मुक्काम. राग यायचा तो एकाच वाक्याचा, आणि ते बोलायचे गावाला बँड शिकवणारे एलिहियो मास्तर.

जन्म कुठल्याशा शहरातल्या कारखान्यात झाला. कॉफीची पोती न्यायला येणाऱ्या ट्रकमधून खडखडत वर आलो, वाटेत पोटाला पोचा पडला. मास्तरांनी लाकडी हातोडीने तो हळूहळू काढला. वाटलं, हा आपला माणूस. पुढे गावात लग्न असो, जत्रा असो, कुणाला पोचवायचं असो, मी हवाच. भाव खायचो, खोटं कशाला बोलू?

पण मास्तरांची रीत अजब. शिकायला आलेल्या पोराने वर्षभर वाद्याला हात लावायचा नाही. हात खाली-वर करत ताल धरायचा आणि सुरांची नावं गायची: दो, रे, मी, फा. कुणी कुरकुरलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "पितळेला काय कळतंय? आधी तुला आलं पाहिजे." अस्सा संताप यायचा!

ओदिलिया शिकायला आली तेव्हा उंचीने माझ्याएवढीच होती. बायका हसायच्या, "अगं, तू त्याला वाजवणार की तो तुला गिळणार?" ती कुणाला भीक घालायची नाही. मास्तरांना मात्र भंडावून सोडायची.

"मास्तर, गाऊन गाऊन घसा बसला. आता तरी द्या ना!"

"बसू दे. पुन्हा म्हण."

"मग तुम्हीपण म्हणा."

आणि ते पांढऱ्या मिशांचे मास्तर तिच्यासमोर बसून, तिच्याबरोबर हात हलवत गायचे. ती चुकली की ओरडायचे नाहीत. नुसते थांबायचे, तिची चूक तिला सापडेपर्यंत. काय तो धीर! मी कोपऱ्यातून बघतच राहायचो.

वर्षाने मी तिच्या मांडीवर आलो. पाय जमिनीला टेकेनात म्हणून मास्तरांनी खाली खोकं सरकवलं. पहिलीच फुंक, आणि मी असा गरजलो की अंगणातल्या टर्की कोंबड्या उधळल्या. मास्तर पोट धरून हसले.

ती चौदाची झाली आणि मास्तरांनी अंथरूण धरलं. तिला जवळ बोलावून म्हणाले, "मला पोचवताना ट्युबा तूच वाजवायचास. रडून सूर पाडलास ना, तर शवपेटीतून उठून कान धरीन."

"नाही पाडणार," ती म्हणाली.

मास्तर गेले. त्यांची शवपेटी खांद्यांवर निघाली, मागे बँड. ओदिलियाने मला अंगावर घेतलं, ओठ टेकवले, श्वास घेतला. आणि त्या श्वासाचा हुंदका झाला. पुन्हा घेतला, पुन्हा हुंदका. माझ्यात हवाच येईना. खालचा सूर नाही म्हटल्यावर क्लॅरिनेट अडखळले, ढोल थांबला. चढावर सगळी अंत्ययात्रा उभी राहिली.

"राहू दे गं बाळा, दुसरं कुणी वाजवेल," तिची आई म्हणाली.

"नाही. मी शब्द दिलाय मास्तरांना."

तिने माझ्यावरचे ओठ काढले. हात उचलला, खाली आणला, वर नेला. आणि फाटक्या आवाजात, सुराचं नाव घेत, माझा भाग गायला लागली. "सोल... सोल... दो..."

ट्रोम्बोनवाल्या सिरिलोने आपलं वाद्य खाली केलं आणि तोही गाऊ लागला. मग मेणबत्त्या घेतलेल्या बायका. मग पेटी वाहणारे, टोप्या काढून उभे असलेले म्हातारे, कॉफीच्या ट्रकवरचा गावचाच ड्रायव्हरसुद्धा. अहो, सगळेच कधी ना कधी मास्तरांसमोर बसलेले! अख्ख्या रस्त्यावर हात खाली-वर होत होते. शेतावर राबलेले हात. कुणाजवळ सुरांचा कागद नव्हता, आणि एकही सूर चुकला नाही.

आणि मी? एवढा बँडचा आधारस्तंभ, रिकामा लटकत होतो. तो आवाज माझ्या उघड्या तोंडातून पोटात शिरला आणि मला कुणी न फुंकताच माझं पितळ गुणगुणायला लागलं. जन्मात असा शहारलो नव्हतो.

आता शाळेतल्या लहान पोरांना ओदिलियाच शिकवते. काल एका चिमुरड्याने मला हात लावला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. "आधी गा. पितळेला काय कळतंय?"

मला राग आला नाही. मास्तर, थोडंसं कळलंय.