बेबीबाईंचं दरबारी कारस्थान

करडीच्या बेबीबाई तलावातले मासे विकून दुपारी घरी आल्या, की लेकीच्या मोबाईलवर फ्रान्सच्या राजदरबाराचे सिनेमे बघत बसायच्या. हिंदीत डब केलेले. घेरदार झगे, हातपंख्याआडून इशारे, राणीच्या दासीनं पोचवलेले खोटे निरोप. गुड्डीला त्यातलं प्रेम आवडायचं, बेबीबाईंना कारस्थानं.

गुड्डीचं स्वतःचं प्रेम मात्र अडलं होतं. तिला एकोडीचा भूपेंद्र आवडायचा आणि त्याला ती. पण मागं एका लग्नात गुड्डीचे वडील बाबुलाल भूपेंद्रच्या वडलांना, कृष्णरावांना, मानाचा दुपट्टा-टोपी द्यायला विसरले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

एका सिनेमात राणीशेजारच्या खुर्चीवरून दोन सरदारांनी तलवारी उपसल्या. बेबीबाईंनी सिनेमा थांबवला.

"पाह्य व गुड्डी, हे तं आपल्याच घरचं आहे."

"मंग?"

"मंग आपुन बी दासी बनू."

संध्याकाळी त्या नवऱ्याला सहज म्हणाल्या, "कृष्णराव सांगत होते म्हणे, बाबुलालसारखं जाळं टाकणारा अख्ख्या तालुक्यात नाही." बाबुलाल जेवताना गुणगुणत होते. तिकडं बेबीबाईंनी पढवलेल्या भूपेंद्रनं वडलांच्या कानावर घातलं, की कृष्णरावांशिवाय मांडवाला शोभा नाही, असं बाबुलाल म्हणतात.

शेजारच्या चंद्रकलाच्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, दोघं समोरासमोर आले. बाबुलालनी पुढं होऊन कृष्णरावांना दुपट्टा घातला. कृष्णराव फुलले.

"तुमी माह्याबद्दल लय चांगलं बोलले म्हणे."

"मी? तुमीच तं बोलले म्हणे, जाळ्याचं."

हळूहळू बाबुलालची नजर बेबीबाईंकडं वळली, तिच्यामागून कृष्णरावांची. त्यांनी पदर सावरला.

"हो, मीच सांगितलं, भूपेंद्रले बी मीच पढवलं. पण त्यात खोटं काय होतं, ते सांगा."

आता स्वतःची तारीफ खोटी आहे, असं कोण म्हणणार? कृष्णराव आधी हसले, मग बाबुलाल, मग सगळा मांडव.

"बाबुलालभाऊ," कृष्णराव डोळे पुसत म्हणाले, "या बाईले विहीण करून घ्या लागते. बाहेर राहिली तं गावागावात लढाया लावंल. गुड्डी आमाले द्या."

"तुमचीच आहे ते," बाबुलाल म्हणाले.

गुड्डी मांडवातून जी पळाली, ती थेट तलावाच्या पाळीवर. नव्या साडीनिशी गुडघाभर पाण्यात उतरली आणि भूपेंद्रला फोन लावला. हसू काही आवरेना.

"काय झालं? नाही म्हटलं काय? बोल ना," तो विचारत होता, आणि तिला एक शब्द बोलता येत नव्हता.